आमच्या पिकअपचं पंधराचं ॲव्हरेज

बागायतदार मंडळी, डिझेल पिकअप खरंच किती देते असं ग्रुपवर कायम विचारता, म्हणून आज घडलेलं सांगतो.

आमची गाडी माझ्या हातात लिटरला बारा देते. ड्रायव्हर गणूदादा चालवतात तेव्हा पंधरा. टाकी फुल ते टाकी फुल, मी स्वतः मोजलंय. त्यांचं कौतुकही इथे मीच केलं होतं.

आज कोल्हापूरहून खताच्या गोण्या भरून येताना पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसलो. आंबा घाटाचा उतार लागला आणि त्यांनी गाडी सरळ न्यूट्रलला टाकली. भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर आला आणि दोन-तीन वळणांत ब्रेकचा जळका वास यायला लागला.

"गणूदादा, आधी गिअरात घ्या!"

घेतली. खाली साखरप्याला चहा पिताना ते म्हणाले, "भाऊ, डिझेल वाचवायला सगळे उतार मी असेच न्यूट्रलवर काढतो. पहिल्या वर्षी बारा पडायचं, तेव्हा तुम्हीच विचारलंत ना, डिझेल जातं कुठे?"

विचारलं होतं खरं.

म्हटलं, "यापुढे बाराच पडायला हवं. पंधरा पडलं तर विचारीन."

तुमच्या पिकअपचं ॲव्हरेज फारच छान येतंय? मग एकदा ड्रायव्हरशेजारी बसून घाट उतरा.