वहिनींची उशी

शेजारच्या वहिनी केटरिंगची पिकअप स्वतः चालवतात. उंची कमी, म्हणून बसायला खाली उशी घेतात. लग्नघरीही ती काखेत असते.

नवी पिकअप घ्यायला त्यांनी नवऱ्याबरोबर मलाही सोबत नेलं. शोरूममध्ये दोन डिझेल गाड्या होत्या, बंद होणारं मॉडेल सवलतीत आणि नवं, बदललेलं. विक्रेता सगळं त्यांच्या नवऱ्यालाच सांगत होता. खरं सांगतो, मीही नवऱ्यालाच म्हणालो, "जुनीच घ्या." त्यांनी लगेच मान डोलावली.

वहिनी नव्या गाडीत चढल्या. सीट वर घेतली, क्लच पूर्ण दाबला. उशीशिवाय समोरचं सगळं दिसत होतं.

"अहो, तुम्हाला जुनंच आवडतं ना? मग ही घ्या," म्हणत त्यांनी उशी नवऱ्याच्या हातात कोंबली.

हॉर्न मात्र माझ्याकडे बघून वाजवला.