फकिराभाऊंनी गाडी बुजवली

"मी म्हणते, हथखोजच्या गॅरेजले नेऊन द्या. तिथं गाडी वर उचलते, खालून फवारा मारते, संध्याकाळी वापस."

"अन् मी काय मेलो का?"

"मेले नाही, रिटायर झाले. कमरेले पट्टा बांधून फिरता अन् गाडीखाली घुसाले निघाले!"

"नलू, सारी जिंदगी मी कोक ओव्हनच्या दरवाज्यासमोर उभा राहिलो…"

"उभेच राहिले न! इथं झोपा लागते!"

यावर फकिराभाऊ खरोखरच झोपले. अंगणात जुनं पोतं अंथरलं, पट्टा कसला, नि सरपटत गाडीखाली गेले. बाहेर फक्त पाय राहिले. नलूबाईंनी उरलेलं भांडण त्या पायांशी केलं.

गाडी म्हणजे भिलाईच्या कोहक्यातल्या या घरात आठवड्यापूर्वी आलेली मोठी, उंच, राखाडी एसयूव्ही. वापरलेली. आधीचा मालक पुरीचा, घर समुद्राला लागून. वरून गाडी नवरीसारखी, पण खालून खाऱ्या हवेनं पार कुरतडलेली. सीटखालचे गालिचे काढले तर ही एवढी रेती निघाली. मुलगी उन्नती ती झाडून फेकणार, तेवढ्यात नलूबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. डबा आन."

"मम्मी, रेत है, शक्कर नहीं!"

"समुद्राची आहे न? तुह्या बापानं कधी दाखवला का मले समुद्र? राहू दे."

रेती डब्यात गेली. डबा देवघराशेजारी.

पण नलूबाईंचा जीव रेतीत नव्हता, लग्नात होता. तुमसरला त्यांच्या भाच्याचं, अंकुरचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या माहेरी नवरदेव ज्याच्या गाडीत बसतो, त्या घराचा मान मोठा. त्या घरची बाई पुढच्या सीटवर बसते, तिला शेला मिळतो, आणि पुढे वर्षभर तिच्या गाडीचं नाव निघत राहतं. अंकुरची आई, म्हणजे नलूबाईंची वहिनी वंदना, हिच्या भावाकडे पांढरी गाडी होती. नलूबाईंकडे आजवर एसटीचं तिकीट होतं. "लोखंडाच्या गावात राहता नलूबाई, अन् येता एसटीनं?" असं वंदना एकदा पंगतीत म्हणाली होती. नलूबाईंनी त्या दिवशी बुंदी खाल्ली नाही. आता मात्र वंदनेचा फोन आला होता: "पत्रिका द्याले येतो भिलाईले. गाडी बी पाहून जातो. चांगली असली त अंकुरले तिच्यातच बसवू."

म्हणून हथखोज. आणि म्हणूनच फकिराभाऊंचा नकार. बायकोच्या माहेरचा नवरदेव बसणार, त्या गाडीला परक्याचा हात?

फकिरा लांजेवार हे भिलाईच्या पोलाद प्लँटात 'डोअरवाले फकिरा' म्हणून प्रसिद्ध. कोक ओव्हनच्या भट्टीचा दरवाजा लागला की कडेनं पिवळा धूर सुटतो. जिथून सुटेल तिथं माती लिंपायची, फट बुजवायची. हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की निवृत्तीनंतरही हात थांबेनात. घरातली एकही फट त्यांनी जिवंत ठेवली नव्हती. दारांखाली रबर, खिडक्यांना पट्ट्या, न्हाणीघराच्या झरोक्यात वीट. इंटरनेटवाल्यानं भिंतीला भोक पाडलं आणि तार आणायला खाली स्कूटरपाशी गेला. परत येतो तो भोकात सिमेंट! तो बिचारा भिंतीवर हात फिरवून स्वतःचंच भोक शोधत राहिला.

खोटं कशाला बोला, गाडीचं काम त्यांनी झकास केलं. तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला, लाल ऑक्साइडचा हात दिला, वर काळं जाड कोटिंग. नलूबाई चहा घेऊन वाकल्या, बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "हूं." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदकच.

इथंच थांबायचं होतं. पण चेकाळलेल्या माणसाला थांब म्हणणार कोण? दरवाज्यांच्या खालच्या कडेवरून बोट फिरवता फिरवता फकिराभाऊ ओरडले,

"अगे उन्नती! कंपनीवाले विसरले पाहा! प्रत्येक दरवाज्याले खालून भोकं आहे!"

"पापा, कुछ तो सोच के रखे होंगे."

"काय सोचते? कामचोरपणा आहे. आमच्या शिफ्टमंदी असते त रिपोर्ट लिहून पाठवला असता."

आणि चारही दरवाज्यांची सगळी भोकं त्यांनी सीलंट भरून, अंगठ्यानं दाबून, गुळगुळीत करून टाकली. मग सुरू झाली प्रदर्शनं. रोज कोणीतरी गाडी पाहायला यायचं आणि फकिराभाऊ पाइप घेऊन काचांवर धो धो पाणी सोडायचे. "पाहा दयाराम, खालून एक थेंब तरी पडते का दरवाज्यातून? पडते का?" शेजारचे दयाराम वाकून पाहायचे. खरंच पडत नव्हता.

वंदना आली ती मोरपंखी रेशमी साडी नेसून. गाडीभोवती एक फेरी मारली. बोनटवर टिचकी मारली. चेहरा काही सांगेना.

"चांगली दिसते," ती म्हणाली. "चालते का पन?"

"बसा वहिनी! सिविक सेंटरले आइसक्रीम खाऊन येऊ!" फकिराभाऊंनी दार उघडलं. नलूबाई पुढे, वंदना मागे, शेजारी उन्नती. गाडी निघाली. गल्ली ओलांडली नाही तोच वंदना म्हणाली,

"जवाई, आवाज कायचा येऊन राहिला?"

"कोणता?"

"माठ हलवल्यासारखा."

"टाकीतलं डिझेल असंल."

"दरवाज्यातून?"

नलूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं रस्त्याकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं ते बरं झालं, कारण पुढे गतिरोधक होता. वाईट एवढंच की तो उशिरा दिसला. फकिराभाऊंनी करकचून ब्रेक मारला, गाडी उडाली, आणि वंदनेच्या दरवाज्यातल्या स्पीकरच्या जाळीतून पाण्याची अशी फसकन पिचकारी उडाली की मोरपंखी साडी मांडीपासून पायापर्यंत चिंब.

"आई गं! अवो नलूबाई, गाडी आहे का रंगपंचमी!"

उन्नतीनं तोंडात ओढणी कोंबली. खांदे मात्र हलतच होते.

आइसक्रीम राहिलं. गाडी घरी परतली. उन्नती स्क्रूड्रायव्हर घेऊन दरवाज्यापाशी उकिडवी बसली आणि खालून एक भोक टोचलं. काळपट पाणी जे सुटलं ते अंगणभर पसरत फाटकाबाहेर गेलं. दयारामांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं, आज वाकायची गरज नव्हती.

"काचेतून पानी अंदर जाता है, पापा. ये छेद उसको बाहर निकालने के लिए हैं," उन्नती म्हणाली. "बंद ठेवले असते तर दरवाजे आतून सडले असते."

ज्या गंजासाठी माणूस इतके दिवस पोत्यावर पडला, त्यालाच त्यानं घरात घेऊन दार लावलं होतं. फकिराभाऊ सगळ्यांच्या मागून घरात आले आणि पंख्याखाली बसले. वंदना नलूबाईंची सुती साडी नेसून समोर. तिच्या डोळ्यांत आता वेगळीच चमक.

"भोकं कोनं बुजवले?"

"मी," नलूबाई म्हणाल्या.

फकिराभाऊंची मान वर झाली.

"तुमी? गाडीखाली झोपून?"

"हो. मले वाटलं उंदरं जाते आत."

"अन् जवाई काय करत होते तवा?"

"चहा करत होते."

उन्नतीला आता ओढणीही पुरेना, ती स्वयंपाकघरात पळाली. वंदनेनं फकिराभाऊंच्या दोन्ही अंगठ्यांकडे पाहिलं. काळे कुळकुळीत, घासूनही न निघालेले.

"ऐका," ती म्हणाली. "गाडी मले पसंत आहे. माह्या भावाची गाडी खालून पाहिली का, पोह्याची चाळनी आहे. अंकुर याच गाडीत बसंल. नलूबाई पुढं बसतीन, शेला घेतीन. पन एक अट आहे. भोकं कोनं बुजवले, थे जवाईनं आपल्या तोंडानं सांगावं. एवढंच."

नलूबाईंचे ओठ सांगा, सांगा असे हलले. मग आवाजही फुटला.

"अवो, सांगा न! दोन शब्दाचं काम आहे!"

फकिराभाऊंनी बायकोकडे पाहिलं. वंदनेकडे पाहिलं.

"मले घाई नाही," वंदना म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली. "मुक्कामाले आली मी."

फकिराभाऊ उठले. टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, कोपऱ्यातलं पोतं काखेत मारलं, कमरेचा पट्टा कसला.

"जवाई, मी विचारून राहिली!"

पडदा बाजूला झाला, चपलांचा आवाज पायऱ्या उतरत गेला, आणि थोड्याच वेळात अंगणात दुसऱ्या दरवाज्याचं पाणी धो धो सुटलं.