ब्रेकवालीचा नवरा

जागेश्वर तुरकरनं कामठ्यात गॅरेज टाकलं ते नव्याण्णव साली. गॅरेज म्हणजे गोंदिया रस्त्याच्या कडेला चिंचेखाली चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि एक लाकडी पेटी. तुरकरांच्या घरात धानाची बांधी सोडून कुणी दुसरं काही केलं नव्हतं. बाप म्हणाला, "आपल्या घरात चिखलानं भरले हात पायले, तेलानं भरले नाई पायले." जागेश्वर ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून आला. आठ वर्षांत त्यानं असं नाव कमावलं, की दूरच्या दवनीवाड्याकडची माणसंसुद्धा मोटारसायकली घेऊन त्याच्याकडे येऊ लागली. बाकी काम कुठंही करा, ब्रेक मात्र जागेश्वरकडे.

त्याची एक खोड होती. ब्रेक करून झाला की तो गाडी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर न्यायचा, उतारावर मातीत पायानं रेघ ओढायचा, वरून जोरात यायचा आणि पुढचं चाक बरोबर रेघेवर थांबवायचा. बघायला चार माणसं जमायची. गिऱ्हाइकानं विचारलंच, की बा, काय केलं तू याले, तर जागेश्वर हात पुसत म्हणायचा, "तुमाले सांगून काय उपेग?" आपल्या हातातलं गुपित हातातच राहावं, असं त्याला वाटे.

दोन हजार सातच्या जानेवारीत त्याच रेघेपाशी तो पडला. पाळीवर आदल्या दिवशी मुरूम टाकलेला होता, चाक घसरलं, उजवा हात खाली आला आणि मनगट मोडलं. गोंदियाच्या डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं.

पण शाळेचे श्यामलाल गुरुजी यांच्या गाडीचं मागचं चाक गॅरेजात सुटून पडलेलं होतं. गुरुजी रोज चक्कर मारत. चौथ्या दिवशी जागेश्वर जाऊन बसला आणि डाव्या हातानं खटपट करू लागला. स्प्रिंग सुटून दोनदा त्याच्या तोंडावर उडाली. तेवढ्यात त्याची बायको शामकला जेवणाचा डबा घेऊन आली. ती घरी शिलाई मशीन चालवायची, गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी तिच्या हातची. तिनं थोडा वेळ बघितलं, डबा पेटीवर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका तिकडं. मले सांगा, मी करतो."

"हे का पोलकं हाये का?"

"सांगा त खरं."

त्यानं सांगितलं, तिनं केलं. ब्रेकच्या ड्रममधली काळी भुकटी जागेश्वर आजवर तोंडानं फुंकून उडवायचा. शामकलानं नाक मुरडून फडकं ओलं केलं आणि भुकटी टिपून घेतली. ड्रमला घासून गाडी थांबवणारे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ते तिनं पॉलिश पेपरवर एका दिशेनं घासले, जसं कापडावर खडूची रेघ ओढावी तसं, आणि कडा थोड्या मारल्या. लायनर बाहेर ढकलणाऱ्या कॅमला ग्रीसचं एवढंसं बोट लावलं. जागेश्वर ओरडला, "लायनरले लागू देऊ नको, नाई त ब्रेक गेला समज." तिनं लागू दिलं नाही. चाक चढवलं, नट आवळत गेली. पेडल इंचभर दबल्यावर ब्रेक लागतो ना, आणि पाय काढल्यावर चाक मोकळं फिरतं ना, हे तिनं तीन वेळा बघितलं. गुरुजी चौकापर्यंत जाऊन आले.

"जागेश्वर, गाडी मऊ थांबते रे. तू करतोस तवा झटका बसे."

जागेश्वर हसला. त्या दिवशी तो खरंच हसला होता. बायकोनं लाज राखली म्हणून त्याला बरं वाटलं होतं.

सहा आठवड्यांत शामकलानं किती ब्रेक केले त्याची गणती नव्हती. आणि तिची रीत निराळी. ती गिऱ्हाइकाला जवळ बसवायची, जुना लायनर त्याच्या हातात द्यायची. "पाहा भाऊ, इथवर घासला. बाहेरून हा बाणाचा निशान या रेघेच्या पुढं गेला, का समजायचं लायनर संपला. पावसात गाडी धुतल्यावर पहिले दोन-तीनदा हळू ब्रेक दाबून पाहायचा, मंग निघायचं." माणसं मान डोलवत ऐकायची. जागेश्वर स्टुलावर बसून बघायचा. आठ वर्षं मुठीत धरलेलं सगळं ती लाह्यांसारखं वाटत होती.

प्लास्टर निघालं. मनगट आखडलेलं होतं, पण पाना धरता येत होता. पहिल्याच दिवशी एक जण गाडी घेऊन आला, उतरला नाही, सीटवरूनच इकडेतिकडे बघत म्हणाला, "वहिनी नाई का आज?"

"मी हाओ ना."

"हो हो. नाई, तसं काई घाई नाई. उद्या येतो."

तो गेला आणि जागेश्वरच्या छातीत काहीतरी रुतलं. त्यानंतर ते रोज थोडं थोडं आत जात राहिलं. आरोग्य केंद्राच्या नर्स सुशिलाबाई स्कूटी घेऊन आल्या. त्या पूर्वी कधी त्याच्याकडे आल्या नव्हत्या. पाऊण तास उभ्या राहिल्या, पण शामकला येईपर्यंत त्यांनी गाडीला हात लावू दिला नाही. पानठेल्यावर कुणीतरी पत्ता सांगत होतं, "चिंचेखाली, ब्रेकवाल्या बाईचं गॅरेज." आणि एकदा आमगावकडच्या एका परक्या माणसानं त्यालाच विचारलं, "तुमी ब्रेकवालीचे घरवाले का?" जागेश्वर हो म्हणाला आणि पाठ फिरवून पेटी उघडायला लागला.

मग तो बारीकसारीक गोष्टी करू लागला. चौदा नंबरचा पाना पत्र्याच्या मागं ठेवून द्यायचा आणि ती शोधत असताना चूप राहायचा. तिनं केलेली गाडी मुद्दाम पाळीवर नेऊन रेघेवर थांबवायचा, थांबली की अजून चिडायचा. घरी वरणात मीठ जास्त झालं म्हणायचा, आणि मुलगी सोनिका म्हणायची, "बाबा, बरोबर त हाये." शामकलाची एखादी चूक सापडावी म्हणून तो तिच्या प्रत्येक कामावरून डोळा फिरवू लागला. चूक सापडत नव्हती, आणि त्याचाच त्याला राग येत होता.

मे महिन्यात ती सापडली.

बिसराम नावाचा, बिडीच्या तेंदूपत्त्याचा हिशेब ठेवणारा फडमुन्शी हंगामासाठी सालेकश्याकडे चालला होता. बायको गीताबाई मागे, दोन्हीकडे पिशव्या लटकवलेल्या. मागचा ब्रेक लागत नाही म्हणून तो सकाळी थांबला. शामकलानं लायनर बदलले. चाक चढवत असतानाच सोनिकाची मैत्रीण धावत आली, सोनिकाला शाळेजवळ चक्कर आली म्हणून. शामकलानं घाईघाईनं अॅक्सल आवळला, पेडल तपासलं आणि हात न धुताच पळाली.

जागेश्वर गाडीच्या मागं वाकला. टॉर्क रॉडकडे त्याची नजर गेली. ब्रेकची थाळी चाकाबरोबर गरागरा फिरू नये म्हणून तिला धरून ठेवणारी ती लोखंडी पट्टी. तिचा नट हातानंच लावलेला होता, आवळलेला नव्हता. आणि नट सुटू नये म्हणून बोल्टातून आरपार घालायची बारीक पिन फडक्यावर तशीच पडलेली होती.

त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आनंद. पोटात गुदगुल्या झाल्यासारखा आनंद. चला, हिचंही चुकतं. आता हा माणूस अर्ध्या वाटेतून खडखड करत परत येईल, चार लोकांसमोर म्हणेल, वहिनी, हे काय केलं? मग आपण शांतपणे उठू, पाना घेऊ.

"झालं का?" बिसरामनं विचारलं.

"झालं," जागेश्वर म्हणाला.

गाडी निघून गेली. पिन त्यानं खिशात टाकली.

पोरीला काही विशेष झालं नव्हतं, ऊन लागलं होतं. हे कळल्यावर त्यानं चहा मागवला. कप तोंडाला लावला आणि त्याच्या डोळ्यांसमोर दुसरंच उभं राहिलं. नट निघाला की पट्टी सुटते. ब्रेक दाबला की थाळी फिरते, मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. दोन माणसं, एवढं ओझं, आणि सालेकश्यापुढं जंगलातला उतार. मागून ट्रक. खडखड करत परत येण्याइतका वेळ ती पट्टी त्यांना देईल, असं त्याला कुणी सांगितलं होतं? चहा सांडून तो उठला. दोन पाने, एक नट घेतला, आपली गाडी काढली आणि भर मे महिन्याच्या उन्हात सालेकश्याकडे जाणाऱ्या आमगावच्या रस्त्याला लागला. मनगट ठणकत होतं. रस्त्याच्या कडेला पडलेली गाडी दिसते का, ते तो बघत होता. एके ठिकाणी माणसं जमलेली दिसली. जवळ जाऊन बघतो तर बकऱ्या विकायला उभ्या होत्या.

आमगावात रसवंतीपाशी त्याला पिशव्या ओळखू आल्या. गीताबाई रस पीत होत्या. जागेश्वरनं गाडी स्टँडवर नीट लावलीसुद्धा नाही, सरळ बिसरामच्या गाडीमागं गुडघ्यावर बसला. नट कधीच पडून गेला होता. पट्टी बोल्टाच्या टोकावर अर्ध्या बोटानं टिकून होती. त्यानं हात लावला आणि ती गळून पडली.

"काय झालं हो?" बिसराम धावत आला.

जागेश्वरनं नट लावला, आवळला, पिन घालून दोन्ही टोकं वाकवली. मग म्हणाला, "हे राहून गेलं होतं."

बिसराम पट्टीकडे बघत राहिला. त्याला गाड्यांतलं थोडं कळत होतं. त्यानं गीताबाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "वहिनीच्या ध्यानात आलं असंल. तिनंच पाठवलं ना तुमाले? अशी बाई पायली नाई. दुसरं कोनी असतं त मरा म्हनलं असतं."

इतक्या उन्हातान्हातून आपण आलो आणि नाव पुन्हा तिचंच. जागेश्वरच्या आत ते रुतलेलं पुन्हा एकदा टोचलं. हो म्हटलं असतं तर सुटला असता. तिनं पाठवलं नाही, चूक तिचीच आहे, असं म्हटलं असतं तर तेही खरंच होतं. तो उभा राहिला, हात पँटला पुसले.

"तिनं नाई पाठवलं. तिले ठाऊकच नाई. मी पायलं होतं निघायच्या आधी, अन् बोललो नाई."

"बोलले नाई? काऊन?"

जागेश्वर पाने गोळा करू लागला. गीताबाईंनी रसाचा गिलास खाली ठेवला. दोघंही गाडीवर बसून निघून गेले.

दुपारी घरी येऊन त्यानं शामकलाला सगळं सांगितलं, पत्र्यामागच्या पान्यासकट. ती सोनिकाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. पिन राहिली हे ऐकून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माह्या हातानं दोन जीव गेले असते," असं दोनदा म्हणाली. मग पुढचं सगळं तिला हळूहळू समजत गेलं.

"चुकलो त मी चुकलो. पन तुमी डोळ्यानं पाहून बसले? त्या बाईच्या जागी मी असतो मंग?"

त्यानंतर ती गॅरेजला आली नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही, नुसतं शिलाई मशीन पुढं ओढून बसली. जून गेला. जागेश्वरला हवं होतं ते त्याला मिळालं, चिंचेखाली तो एकटा. लोक येत, विचारत, तो "घरी हाये" म्हणे. काही थांबत, काही जात. कामावरून नजर फिरवायला आता कुणाचं काम नव्हतं. आपलं काम बघायलाही कुणी नाही, हे त्याच्या लक्षात आलं ते सुशिलाबाईंच्या स्कूटीच्या दोन ब्रेकच्या वायरी उलटसुलट बसवून दिल्यावर. त्या अर्ध्या वाटेतून परत आल्या आणि स्कूटी त्याच्यासमोर उभी केली.

धानाची लावणी संपल्यावर एका सकाळी तो मशीनपाशी जाऊन उभा राहिला. माफी मागायची सवय नव्हती. म्हणाला, "माह्यानं एकट्यानं होत नाई." शामकलानं दोरा तोडला. तिची एकच अट होती. गाडी गॅरेजातून निघायच्या आधी तिचं काम त्यानं हातानं ओढून बघायचं आणि त्याचं तिनं, आणि काही दिसलं तर तोंडानं बोलायचं, गिऱ्हाईक समोर असलं तरी.

पहिल्याच आठवड्यात तिनं त्याचा ढिला नट पकडला, चार माणसांसमोर. जागेश्वरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं नट आवळला.

मत्सर गेला म्हणावं तर गेला नाही. दोन हजार बाराला गोंदियात डिस्क ब्रेकचं तीन दिवसांचं शिबिर झालं, कामठ्यातून एकाच मिस्त्रीला बोलावणं आलं आणि पत्रावर नाव होतं शामकला तुरकर. तिन्ही दिवस त्यानंच तिला गाडीवर नेलं. ती आत, तो बाहेर कडुनिंबाखाली. शिकवणाऱ्या साहेबानं विचारलेल्या प्रश्नाला तिनं हात वर केलेला खिडकीतून दिसला की तो नजर दुसरीकडे वळवायचा. मग तो उठून एक चक्कर मारून यायचा.

डिस्क ब्रेकवाली पहिली गाडी त्यांच्याकडे आली ती एका कंत्राटदाराची. ब्रेकच्या तेलात हवा शिरली होती, लिव्हर मुठीला लागत होता. शामकला पारदर्शक नळी लावून चाकावरच्या कॅलिपरपाशी बसली. जागेश्वरला तिनं हँडलपाशी उभं केलं.

"दाबा. दाबून धरा. मी म्हनल्याशिवाय सोडू नोका."

तिनं स्क्रू ढिला केला, नळीतून बुडबुडे आले. तिनं स्क्रू आवळला.

"आता सोडा."

त्यानं सोडलं. पुन्हा दाबलं. पाचव्या वेळी बुडबुडे येईनासे झाले आणि लिव्हर कडक लागला. कंत्राटदार शामकलाला शाबासकी देत होता. जागेश्वर हात पुसत होता. गाडी गेल्यावर तो तिच्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "और एकदा सांग. दाबून धरलं नाई त हवा उलटी कशी जाते?"

शामकलानं नळी पुसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.