बाईसाहेबांचे केस

“सभेत जायचं, हा विग टेबलावर ठेवायचा आणि खाली बसायचं. तोंडसुद्धा उघडू नकोस हवं तर,” दादा म्हणाला.

“आधी तो माझ्या जेवणाच्या टेबलावरून उचला,” वहिनी म्हणाली.

“कपाटातून काढला कुणी?”

“मी चादरी ठेवायला गेले होते. मला काय स्वप्न पडलं होतं, तुमच्या बहिणीच्या कपाटात बाईसाहेबांचे केस आहेत म्हणून?”

बहीण समोरच शेंगा सोलत बसली होती. भाचीमुळे तिला घरात सगळेच आत्या म्हणत. घराबाहेर तिला दुसरं नाव होतं, कंगवा. या कंगव्यातून गेल्याशिवाय बाईसाहेबांपर्यंत पोचता येत नाही, असं पक्षातले लोक म्हणत, आणि तिला बघितलं की घाईघाईने आपलेच केस सारखे करत.

पार्लरमध्ये नवरीमुलींचे केस बांधणारी बाई ती. एका प्रचारसभेच्या दिवशी बाईसाहेबांची नेहमीची केस बांधणारी आजारी पडली म्हणून तिला बोलावलं. उघड्या जीपमधून गावभर फिरूनही बाईसाहेबांचा अंबाडा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप आला, मग रोजच. पक्ष चालवणारी ती करारी बाई आरशात बघून विचारायची, “हा माणूस कसा वाटतो गं?” आत्याच्या तोंडात पिना असायच्या. त्यामुळे उत्तर एवढंच यायचं: “नको.” किंवा “बघा.” त्या दोन शब्दांवर कुणाकुणाची तिकिटं कापली गेली, कुणाची गाडी रुळावर आली. आत्याचं पार्लर बंद झालं आणि ती बाईसाहेबांच्याच बंगल्यावर राहायला गेली.

मग आजार आला. औषधांनी बाईसाहेबांचे केस गेले.

“आजारी म्हणाले तर म्हणू देत,” बाईसाहेब म्हणाल्या होत्या, “पण असं मला कुणी बघायचं नाही. कुणाला कळताही कामा नये. मी गेल्यावरसुद्धा.”

आत्याने मान डोलावली होती.

बाईसाहेबांचा पुतण्या कार्यकारिणीतल्या चौघांना घेऊन आला, त्या दिवशी विग धुतलेला होता. न्हाणीघराच्या खिडकीत, पालथ्या पातेल्यावर वाळत होता. पुतण्याचा आवाज ऐकून बाईसाहेब उशीवरून उठल्या, डोक्याला हात लावला आणि नुसती नकारार्थी मान हलवली. आत्याने दार किलकिलं करून सांगितलं, “झोपल्यात.” सगळे बराच वेळ व्हरांड्यात बसले आणि निघून गेले. त्याच आठवड्यात बाईसाहेब गेल्या. शोकसभेत पुतण्या रडत म्हणाला की मला माझ्या काकूला शेवटचं भेटू दिलं नाही. पक्ष कार्यालयाची कुलपं बदलली आणि आत्या बंगल्यावरून दादाकडे राहायला आली. आत्याचा दिवसभर वाजणारा फोन असा गप्प झाला की तो बिघडला म्हणून तिने दुकानात दाखवूनही आणला.

आता रविवारी अध्यक्षाची निवड होती. काही जुनी माणसं अजून तिच्या बाजूची होती. तुम्हीच उभ्या राहा, म्हणत होती, पण त्यांनाही एकच गोष्ट हवी होती: दार का उघडलं नाही, ते सांगा.

“आणि उत्तर इथे टेबलावर पडलंय!” दादा म्हणाला. “दुकानात गिऱ्हाईक मला विचारतं, तुमच्या बहिणीने बाईंना कोंडलं होतं का हो? काय सांगू मी?”

“वही-पेन काय हवं ते विचार त्यांना,” आत्या म्हणाली.

“आत्या,” टेबलाशी बसलेली भाची म्हणाली, “डोक्याला रुमाल बांधून नसतं का भेटता आलं?”

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

रुमाल. पलंगाशेजारच्या खणात घडी घातलेले होते, रेशमी, सुती, हवे तसे. बाईसाहेबांना सुचलं नाही. त्यांना तापात काय सुचणार? पण तिलाही सुचलं नव्हतं. आयुष्यभर केस हाताळलेल्या बाईला केसांपलीकडे दिसलंच नव्हतं. आणि ‘झोपल्यात’ हा शब्द तोपर्यंत जिभेवर इतका बसला होता की तो म्हणताना बरंही वाटायचं. मंत्र्यासंत्र्यांना परत पाठवायची ती सवय होती.

हे बोलायला एकच माणूस होतं, आणि ते आरशात बघून ऐकायचं.

“काय झालं गं?” वहिनीने जरा नरम होऊन विचारलं.

“काही नाही. शेंगा किडक्या आहेत थोड्या.”

तिने सालं गोळा केली, हात धुतले आणि पदराला पुसत तिघांकडे बघितलं.

“रविवारी मी उभी राहणार आहे,” ती म्हणाली. “दार मी उघडलं नाही, चूक झाली, एवढंच सभेत सांगणार. का ते सांगणार नाही. तुम्हीही कुणी सांगायचं नाही, दुकानातसुद्धा. पडले तर सोमवारपासून पुन्हा पार्लर उघडेन.”