अक्का गेल्यावरची खानावळ

सेवाग्रामला दवाखान्याजवळ आमची खानावळ होती. मागच्या बाजूला तीन खोल्या होत्या, त्या आम्ही पेशंटच्या नातेवाइकांना भाड्यानं द्यायचो. आदिलाबादकडची एक तेलुगू बाई आजारी नवऱ्याला घेऊन तिथं राहायला आली. दीड महिन्यात नवरा गेला. गावाकडे तिचं कोणी उरलं नव्हतं. भांडी घासायला म्हणून ती थांबली आणि चार वर्षं राहिली. सगळे तिला अक्का म्हणत, मीही.

वर्षभरात ती आमच्यासारखी बोलायला लागली. तेलंगणातून येणाऱ्या लोकांना मराठी यायचं नाही, हिंदीही धड नाही. अक्का त्यांच्यासोबत दवाखान्यात जायची, पेशंटला काय चालतं काय नाही ते विचारून यायची आणि तसं शिजवायची. कुणाला बिनमिठाचं, कुणाला नुसती पेज. बरे होऊन गेलेले लोक आपापल्या गावात आमचा पत्ता सांगत. खोल्या कधी रिकाम्या राहत नसत. धंदा माझ्या हाताच्या चवीमुळे चालतो, असं मी तेव्हा समजत होते.

रविवारी अक्का स्वतःच्या खोलीत सुकट भाजायची. एक दिवस महिनेवारी जेवणारे सहा-सात मेंबर माझ्या नवऱ्याकडे आले. ज्या हातानं सुकट त्याच हातानं आमचं वरण, हे चालणार नाही, म्हणाले. बाई राहिली तर ते दुसरीकडे डबा लावणार होते. त्यांच्यातल्या दोघांना चौकातल्या गाडीवर आम्लेट खाताना मी पाहिलं होतं. बघतो, असं नवरा त्यांना म्हणाला. आत येऊन मला म्हणाला, "तूच सांग तिले."

अक्का तांदूळ निवडत बसली होती. लोकांचं ऐकावं लागतं, थोडे दिवस दुसरीकडे काम पाहा, असं मी चाचरत सांगितलं. तिचा हात थांबला.

"ताई, तुमाले बी वास येते का?"

मला त्या वासाचं कधीच काही वाटलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले. तिनं उरलेले तांदूळ निवडले, डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेली.

दोन महिन्यांनी एक तेलुगू म्हातारी सुजलेल्या नवऱ्याला घेऊन आली. ताट वाढलं की "उप्पु वद्दु, उप्पु वद्दु" म्हणायची. उप्पु म्हणजे मीठ, एवढं मला अक्कामुळे माहीत होतं. मी मिठाची वाटी पुढे केली. ती रडायला लागली. वरण अळणी लागत असेल, असं समजून मी त्यात आणखी मीठ घातलं. तीन दिवस त्या माणसानं ते खाल्लं. सूज वाढली. चौथ्या दिवशी जेवायला आलेल्या एका नर्सनं मला सांगितलं की वद्दु म्हणजे नको. चार वर्षं अक्का माझ्या शेजारी उभी राहून शिजवत होती, आणि मी तिच्याकडून एकच शब्द घेतला होता.

ते दोघं खोली सोडून गेले. गावी काय सांगितलं असेल ते असो, पण त्यानंतर तिकडचं माणूस आमच्याकडे येणं कमी होत होत थांबलं. मेंबरांपैकी काहींची बदली झाली, काहींनी स्वस्त डबा शोधला. ज्यांच्यासाठी अक्काला काढलं, त्यांच्यातला एकही दिवाळीपर्यंत राहिला नाही.

शेवटी मी अक्काचा नंबर मिळवला. ती नागपुरात एका खानावळीत स्वयंपाक करत होती. तिनं आधी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी म्हणाले, "परत येजो वं, अक्का."



"इथं माह्या सुकटीले कोणी काई म्हणत नाई, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाली. फोन लागला नाही, असं मी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही खानावळ बंद केली.