जाते म्हणू दे

दर रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही कॉलेजची मुलं गरजूंना धान्य देतो. दारावरचा फलक मीच रंगवलाय: 'अन्न हा हक्क आहे, उपकार नव्हे.' आज एका काकूंनी तांदूळ-डाळीची पिशवी काखेत घेतली आणि म्हणाल्या, "जाते गं."

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "अहो काकू, जाते काय म्हणता? येते म्हणावं!"

त्या उंबऱ्यावर थांबल्या. "तुझ्या घरी आले तर येते म्हणेन, बाई. इथनं जातेच म्हणू दे." रांगेतल्या बायका हसल्या. काकूही हसल्या, पण पिशवीवर पदर ओढून घेत.

माझे कान तापले. निरोप घेतानाही परत येण्याचं बोलणारी आपली भाषा मला केवढी गोड वाटायची! लहानपणापासून हक्कांची पत्रकं वाटत आलेली मी त्या बाईला काय सांगत होते? पुढच्या रविवारीही तुमचा डबा रिकामाच असू दे, असंच ना?

पुढच्या ताईंच्या हातात मी पिशवी दिली. त्या सवयीनं "येते हं" म्हणाल्या, आणि मला "या" म्हणवेना.