गळती वर, निदान खाली

मिस्त्री मंडळींनो, आज सकाळपासून डोकं तापलंय.

इस्लापूरकडच्या सखूबाई ट्रॅक्टर घेऊन माझ्या गॅरेजला आल्या. या दुष्काळात त्यांच्या गावाला पाण्याचा टँकर हाच ट्रॅक्टर ओढतो. "खालून तेल गळतंय. आधीचा मिस्त्री म्हणला, तेल अडवणारं खालचं सील गेलं, इंजिन उतरवावं लागतं. चार दिवस नुसता उभा ठेवला," त्या म्हणाल्या.

मी इंजिन पुसून कोरडं केलं आणि चालू करून बघितलं. तेल वरच्या झाकणातून मागच्या बाजूनं खाली ओघळत होतं. झाकणाचं पॅकिंग फाटलेलं. अर्ध्या तासात बदललं, गळती बंद झाली.

सखूबाई हसल्या न्हाईत. "चार दिवस बाया नदीतल्या झऱ्यातून वाटीनं पाणी भरून राहिल्या, भाऊ."

इंजिन एकदा पुसून बघायला आपलं काय जातं, सांगा?